खंडाळ्याचे फादर सांतापाव

पावसाळ्यात खंडाळ्याला गेलेली मंडळी धबधबे पाहतात, चिक्की घेतात आणि परततात. गेल्या शतकात एक स्पॅनिश प्राध्यापक मात्र तिथं पुन्हा पुन्हा जात, ते झाडंझुडपं आणि पायाखालचं गवत पाहायला. त्यांचं नाव फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव.

१९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९२८ मध्ये भारतात आले आणि १९४० पासून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. मुंबई इलाख्यातली झाडं ओळखायला तेव्हा आधार होता थिओडोर कुक यांच्या ग्रंथाचा. कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. पण ग्रंथ लिहिला निवृत्तीनंतर, इंग्लंडात बसून. वाळवलेल्या नमुन्याचा रंग उडतो, आणि फूल केव्हा, कुठल्या उतारावर आलं हे चिठ्ठीवर असेल तेवढंच कळतं. सांतापावांनी ते जागेवर जाऊन ताडून पाहिलं.

कारवीचंच घ्या. आपल्या कुडाच्या भिंती हिच्याच काठ्यांच्या. सात वर्षं नुसती पानं, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस सगळा डोंगर जांभळा होतो. बी धरलं की झाडं मरतात. एखाददुसऱ्या सहलीत हे कसं दिसणार? कारवी आणि बांबूच्या या एकगठ्ठा फुलण्यावर त्यांनी लिहून ठेवलं आहे.

‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ १९५३ मध्ये निघाला. सुधारलेल्या आवृत्त्या १९६० आणि १९६७ च्या, म्हणजे दर सात वर्षांनी. योगायोगच असावा, पण कारवीला शोभणारा!

मधल्या काळात पुरंदरच्या वनस्पतींवर पुस्तक झालं. १९६१ ते १९६७ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं संचालकपद त्यांच्याकडे होतं. त्या धबडग्यातही १९६६ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी ‘कॉमन ट्रीज’ लिहिलं, रस्त्याकडेच्या झाडाचं नाव विचारणाऱ्या साध्या माणसासाठी. मला त्यांच्यातला मास्तर तिथंच जास्त दिसतो. १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७० मध्ये मुंबईतच ते वारले.

आता खंडाळ्यातून द्रुतगती महामार्ग जातो, उतारांवर बंगले उठलेत. तिथलं काय गेलं, काय उरलं, हे पाहायचं तर आधीची यादी सांतापावांच्या ग्रंथात आहे. ती घेऊन डोंगर चढायचा. आणि कारवी फुललेली नसेल, तर पुन्हा यायचं.