जर्मन यंत्राचा हेल

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा मंडळींना एक अनुभव वारंवार येतो. रेल्वेच्या फलाटावर गर्दीत कोणी बोलत असते. शब्द नीट ऐकू येत नाहीत, परंतु नुसत्या हेलावरून आम्ही ओळखतो की, हा गृहस्थ आपल्याकडचा. शब्दांच्या आधी पोहोचणारा हा हेल यंत्राला शिकविणे किती कठीण, हे जर्मन भाषेच्या इतिहासात चांगले दिसून येते.

फॉन केम्पेलेन या गृहस्थाने १७९१ साली व्हिएन्नात आपल्या बोलत्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या पुतळ्यात माणूस लपविलेला असे. हे यंत्र मात्र प्रामाणिक होते. भाता म्हणजे फुप्फुस, कंप पावणारी पट्टी म्हणजे कंठ. त्यातून शब्द निघत, पण एकाच सुरात. पुढे योझेफ फाबरचे यंत्र १८४६ साली लंडनमध्ये लोकांनी ऐकले. त्याचा सूर बदलता येई, ते गातही असे; परंतु सूर केव्हा बदलावा, हे चालविणाऱ्याच्या हातांनाच ठाऊक.

हे ज्ञान नियमांत बांधणे अगत्याचे होते. जर्मनमध्ये ‘उम्फारेन’ या क्रियापदात आघात पहिल्या अवयवावर पडला, तर अर्थ होतो गाडीने धडकून पाडणे. दुसऱ्यावर पडला, तर वळसा घालून जाणे. अक्षरे तीच, आणि आघात कानाला जाणवतो तो बव्हंशी सुराच्या हालचालीने.

१९६०च्या दशकात पूर्व बर्लिनच्या विज्ञान अकादमीत इसाचेन्को आणि हान्स-योआखिम शेडलिख यांनी या हेलाची कसोटी घेतली. वाक्यातील सारे चढउतार काढून त्यांनी केवळ दोन सूर ठेवले. एका सुरावरून दुसऱ्यावर केलेली उडी योग्य जागी असली, तर वाक्याचा रोख श्रोत्यांना तेवढ्यावरही उमगे. अर्थाला इतके थोडे पुरते! परंतु असे बोलणे माणसाचे वाटत नाही.

ती उणीव भरून काढण्यास जपानी संशोधक फुजिसाकी यांची पद्धती उपयोगी पडली. वाक्यभर हळूहळू उतरणारी एक रेषा आणि तिच्यावर आघाताच्या जागी उठणारे लहान उंचवटे, अशा दोन भागांची बेरीज म्हणजे हेल. म्योबियुस यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही पद्धती जर्मनला लावून दाखविली. आजची यंत्रे हे नियम कोणी न सांगता ध्वनिमुद्रणांतूनच हेल उचलतात आणि पुष्कळदा माणसासारखी बोलतात.

तथापि शेडलिख यांची पुढील कहाणी आमच्या मनातून जात नाही. ते कथाही लिहीत, पण त्यांच्या देशात त्या छापल्या जात नसत. १९७६ साली एका कवी-गायकाचे नागरिकत्व हिरावले गेले, तेव्हा निषेधपत्रावर त्यांनी सही केली. १९७७ साली त्यांचे पुस्तक पश्चिम जर्मनीत निघाले आणि त्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला.

वाक्य कोठे चढते आणि कोठे उतरते, हे यंत्राला शिकविता आले. ते का चढावे, हे बोलणाऱ्याने ठरवावयाचे असते, आणि त्याची किंमतही त्यालाच द्यावी लागते.