उमेदवारी कोण जिंकणार? गणित डेलिगेटचं
अमेरिकेत उमेदवारी कोण जिंकणार, ही चर्चा आपण मतांच्या टक्क्यांवर करतो. ठरवतात मात्र डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३३ टक्क्यांहूनही कमी मतं पडली. उरलेली पाच जणांत फुटली आणि रिपब्लिकन पक्षाचे तिथले सगळे ५० डेलिगेट त्यांनाच मिळाले. मतविभागणी आम्हाला काही नवी नाही! डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, पण किमान १५ टक्के मतं लागतात. २०२४ मध्ये गाझावरून बायडन यांच्यावर नाराज मतदारांनी मिशिगनमध्ये ‘अनकमिटेड’, म्हणजे कुणालाच नाही, असं मत दिलं. लाखावर मतं, तरी राज्यात सुमारे १३ टक्केच. मग हाती शून्य? नाही. काही डेलिगेट मतदारसंघनिहाय ठरतात. डिअरबॉर्नचा धरून दोन मतदारसंघांत अट पार झाली आणि दोन डेलिगेट मिळाले.