मळीच्या टाकीत राखलेले यीस्ट
यीस्ट सजीव असल्यामुळे आंबवण संपल्यावर ते नाहीसे होत नाही, उलट वाढलेले असते. बिअर तयार झाली की भांड्याच्या तळाशी त्याचा दाट, फिकट गाळ बसतो. घरी बिअर करणारे हा गाळ थंडाव्यात राखून पुढच्या खेपेला लावतात. सातारा आणि सांगलीत बिअर गाळण्याची जुनी परंपरा नाही. या दोन जिल्ह्यांत हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडले ते साखर कारखान्यांच्या आसवनीत, मळीपासून मद्यार्क काढताना.

कालच्यातले थोडे राखून आजचे लावण्याची रीत कृष्णाकाठच्या स्वयंपाकघराला मुळातच ठाऊक होती. कोमट दुधात कालचे चमचाभर दही घालून विरजण लावतात. तेथे काम जिवाणू करतात, मद्यार्काच्या टाकीत यीस्ट, पण नियम एकच: विरजण बिघडले की पुढचे दहीही बिघडते. बिअरच्या धंद्यात या बिघाडाला उत्तर सापडले ते 1883 मध्ये. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. तेव्हापासून यीस्ट काही खेपा वापरायचे आणि मग शुद्ध वाणाकडे परतायचे, ही शिस्त रुजली.

साखर उद्योगाला 1932 मध्ये आयातीपासून संरक्षण मिळाले आणि त्याच दशकात फलटणजवळ साखरवाडीचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सहकाराची लाट आली. वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने सांगलीत शेतकऱ्यांचा कारखाना झाला. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, भुईंजचा किसन वीर असे कारखाने पुढे उभे राहिले. साखर काढून उरलेली काळी, चिकट मळी उसाच्या वजनाच्या साधारण 4 ते 5 टक्के भरते. तिच्यातल्या उरलेल्या साखरेला किंमत यावी म्हणून कारखान्यांनी आसवन्या जोडल्या.

येथे यीस्टचा प्रवास प्रयोगशाळेतल्या काचनळीपासून सुरू होतो. नळीतून चंबूत, चंबूतून लहान टाकीत, तेथून मोठ्या टाकीत ते टप्प्याटप्प्याने वाढवले जाते. मळी पाणी घालून पातळ करावी लागते, कारण दाट मळीत यीस्टची वाढ खुंटते. आंबवण सुरू झाली की टाकीवर फेस चढतो, वायूचे बुडबुडे फुटतात आणि द्रव तापू लागतो. तापमान 30 ते 34 अंशांच्या आसपास राखण्यासाठी टाकीला थंड पाण्याचा आधार द्यावा लागतो. उन्हाळ्यात हे काम अवघड होते. दीड-दोन दिवसांत साखर संपते आणि द्रवात 7 ते 9 टक्के मद्यार्क तयार होतो.

दर खेपेला नवे यीस्ट वाढवायचे म्हणजे साखरेचा काही वाटा पेशींच्या वाढीवरच खर्च होतो. जुने यीस्ट परत लावले तर तो वाटा मद्यार्काला मिळतो आणि आंबवणही लवकर उरकते. 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये विकसित झालेल्या मेल-ब्वानो पद्धतीचा पाया हाच आहे. आंबलेला द्रव अपकेंद्री यंत्रातून फिरवून यीस्ट वेगळे करतात, सौम्य गंधकाम्लात काही वेळ ठेवतात आणि पुन्हा टाकीत सोडतात. आम्लात बहुतेक जिवाणू मरतात, यीस्ट तग धरते. मळीतला चुन्याचा गाळ मात्र यीस्टबरोबरच साचतो, म्हणून ती आधी निवळून घेणे गरजेचे असते. पुढे आलेल्या अखंड आंबवणीच्या यंत्रणांतही यीस्ट गाळून परत वापरण्याची सोय झाली.

इंधन म्हणून मद्यार्काची दखल याही भागात घेतली गेली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातील पहिले प्रायोगिक प्रकल्प 2001 मध्ये ज्या ठिकाणी झाले, त्यांत मिरज होते. 2003 पासून 9 राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले. मागणी वाढली, तशी एक टन मळीतून मिळणाऱ्या सुमारे 250 लिटर मद्यार्कातल्या प्रत्येक लिटरची किंमतही वाढली. यीस्टची निगा हा त्यामुळे थेट ऊस उत्पादकाच्या हिशेबाचा भाग ठरला. तरीही राखलेले यीस्ट कायम चालत नाही. परके जिवाणू आणि रानटी यीस्ट शिरले की उतारा घटतो. मग टाकी धुऊन, वाफवून, काचनळीतल्या शुद्ध वाणापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.