कंपवात, कर्करोग आणि एक जनुक

हात थरथरू लागला की चाळीचा निवाडा ठरलेला : दारू. युनियनच्या कामात आम्ही हा निवाडा कित्येकदा ऐकला. एका मुकादमाने तर तेवढ्यावरून एका निर्व्यसनी कामगाराला कामावर घेण्याचे नाकारले.

ही व्याधी आहे, व्यसन नव्हे, हे लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली लिहून ठेवले. हा वैद्य मताधिकारासाठी टोपणनावाने पत्रके काढी. राजाला मारण्याच्या कथित कटाच्या चौकशीत १७९४ साली त्याची जबानीही झाली. आम्हांला तो घरचा वाटतो, हे कशाला लपवावे? त्याच्या सहा रोग्यांपैकी काही तर त्याला रस्त्यातच भेटलेले.

आपल्या मुंबईत डॉ. भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघर फिरून १४,०१० माणसे पाहिली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ४६ जणांना कंपवात आढळला. दवाखान्यात वाट पाहत बसून असे आकडे मिळत नसतात.

ऐन तारुण्यात हा रोग जडणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करताना जपानी संशोधकांना १९९८ साली एक जनुक सापडले. त्याचे नाव पार्किन. बहुतेक रोग्यांचा रोग त्याच्यामुळे नसतो, हे आधीच सांगितलेले बरे. पण त्याचे काम गिरणगावाला चटकन समजेल. पेशीतल्या निकामी मालावर ते भंगाराची चिठ्ठी चिकटवते. ऊर्जेच्या फुटक्या भट्ट्या हलल्या नाहीत, तर मज्जापेशी गुदमरून मरते.

या मच्छीमार नगरापासून जवळच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचे काम उभे केले. पुढे तेथे फळांवरच्या चिलटांवरून मज्जासंस्थेचा अभ्यास झाला. २००३ साली अमेरिकेत अशाच चिलटांतले पार्किन निकामी केले, तेव्हा त्यांचे उडण्याचे स्नायू झिजले.

आता दुसरी बाजू. पेशीला दुभंगायला लावणारे सायक्लिन-ई काम संपताच मोडीत निघावे लागते. तेथेही पार्किनची चिठ्ठी लागते. ती चुकली, तर पेशी वाढतच राहते. २०१० साली मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा नावाच्या गाठींत याच जनुकाचे बिघाड दिसले. मज्जापेशी दुभंगत नाही, म्हणून ती मरते. दुभंगणारी पेशी माजते.

मात्र पार्किनमुळे होणाऱ्या कंपवातात दोष आईबापांकडून, दोघांकडूनही, आलेला असतो. गाठीतला दोष बहुधा त्या पेशीतच, आयुष्यात केव्हातरी उपजलेला. म्हणून कंपवात झालेल्याला गाठ होणारच, असे कोणी सांगितले तर ऐकू नये.