नखपरीक्षा आणि माळव्यातील वैद्यकपरंपरा : धार व देवासच्या संदर्भात

रोग्याची नाडी, जीभ, डोळे व नखे पाहून निदानाची दिशा ठरविणे, ही युनानी व आयुर्वेद या दोन्ही पद्धतींची जुनी रीत होय. इ.स.पूर्व पाचव्या शतकातील हिप्पोक्रॅटिस अर्थात बुकरात याच्या परंपरेत छातीत पू झालेल्या रोग्याची नखे वाकतात, अशी नोंद आहे. इब्न सीना (९८०-१०३७) याच्या ‘अल्-कानून’च्या चौथ्या खंडात नखांच्या विकारांचा विचार केलेला असून, चरकसंहितेत कावीळीच्या लक्षणांत पिवळी नखे सांगितली आहेत.

युनानी विद्येला माळव्यात राजाश्रय मिळाला. धार ही माळव्याच्या सुलतानांची पहिली राजधानी. हुशंगशाहाने ती मांडूस नेली. फरिश्ता या इतिहासकाराच्या मते महमूद खलजीने इ.स. १४४५ मध्ये मांडू येथे दारुश्शिफा, म्हणजे रुग्णालय स्थापन केले, त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली व मौलाना फजलुल्लाह हकीम यांच्याकडे देखरेख सोपविली. मनोरुग्णांचीही तेथे सोय होती.

आधुनिक वैद्यकाने या निरीक्षणांना कारणांची जोड दिली. फ्रेंच वैद्य बो याने १८४६ मध्ये मोठ्या आजारानंतर नखांवर उमटणाऱ्या आडव्या खाचांचे वर्णन केले. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. त्यामुळे खाचेच्या अंतरावरून आजाराचा काळ अंदाजता येतो. लोह फार कमी झाल्यास नख चमच्यासारखे खोलगट होते. रक्तक्षयात ते फिकट दिसते.

तथापि नख ही खूण आहे, पुरावा नव्हे. पं. कुमार गंधर्व क्षयामुळे १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला आले व औषधोपचारानंतर पुन्हा गाऊ लागले. क्षयाचा निर्णय थुंकीच्या तपासणीने होतो, नखाने नव्हे. उलट नखांवरील पांढरे ठिपके बहुधा किरकोळ मारामुळे येतात. ते कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण, हा समज निराधार आहे.

शिक्षकांच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. वर्गात सतत थकलेली, फिकट नखांची विद्यार्थिनी आळशी ठरविली जाते. प्रत्यक्षात तिला रक्तक्षय असू शकतो. मेंदीमुळे नखाचा रंग झाकला जातो, म्हणून पापणीची आतली बाजूही पाहावी लागते. हिमोग्लोबिनची साधी तपासणी संशय दूर करते. पाहणे हकिमांनी शिकविले, पडताळणे प्रयोगशाळेने. विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी दोहोंची गरज आहे.