थिबा राजाची समाधी

मिरजोळे रत्नागिरीला लागूनच. तरी थिबा राजवाडा पाहण्याचा योग आम्हांला फार उशिरा आला. एका रविवारी मुलाबाळांसह आम्ही तेथे गेलो. उंचावरील तो तांबडा वाडा, आणि खाली समुद्राकडे निघालेली काजळी नदी.

ह्या राजाचे राज्यही नदीवाटेच गेले. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांच्या आगबोटी इरावतीतून मंडालेस पोचल्या आणि ब्रह्मदेशाच्या अखेरच्या राजाला त्याच नदीने घेऊन गेल्या. १८८६ मध्ये तो रत्नागिरीस आला. हा वाडा त्याला १९१० मध्ये मिळाला. १९१६ मध्ये येथेच त्याचा अंत झाला. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली व १९४७ मध्ये येथेच निवर्तली. पित्याची बंदिशाळा लेकीचे माहेर झाली!

परतताना आम्ही शहरातील राजाच्या समाधीपाशी थांबलो. दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर इंग्रजांच्या कैदेत १८६२ मध्ये रंगूनला वारला. त्याची कबर तेथील लोक आजही जपतात. त्यांचा राजा आपल्या मातीत आहे. वाडा पाहणाऱ्यांनी समाधीवरही दोन फुले वाहावीत, एवढेच आमचे सांगणे.