आंबवण्याची विद्या : यज्ञातील सुरेपासून महालक्ष्मीच्या आंबिलीपर्यंत

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत मद्याचा विषय निघालेला पाहून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे प्रस्तुत लेखक जाणून आहे. दारूने संसार बुडतात हे सिद्ध करण्यासाठी ग्रंथांचे प्रामाण्य नको. गावोगावी त्याची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना 1880 साली दारूच्या दुकानांना विरोध केला, तो याच दुःखापोटी. परंतु मद्यपान ही एक गोष्ट आणि धान्य आंबविण्याची विद्या ही दुसरी गोष्ट. पहिलीचा निषेध करताना दुसरीचा इतिहासही आपण विसरून गेलो, आणि त्यायोगे आपल्याच घरातील एका जुन्या कौशल्याकडे आपली पाठ फिरली. हा लेख त्या कौशल्याविषयी आहे.

वैदिक वाङ्मयात सौत्रामणी नावाचा एक यज्ञ आहे. त्यात इंद्र, अश्विनीकुमार व सरस्वती यांना सुरा अर्पण करीत. ही सुरा कशी करावी याचे वर्णन श्रौतसूत्रांत आले आहे. शष्प म्हणजे मोड आलेले भात, तोक्म म्हणजे मोड आलेले जव, लाजा म्हणजे लाह्या, आणि नग्नहू म्हणजे वनस्पतींची पूड घालून केलेले विरजण, अशी तिची सामग्री होती. ही सारी शिजविलेल्या धान्याच्या पेजेत मिसळून तीन रात्री ठेवीत व मग गाळून घेत. येथे मोडांना महत्त्व का, हे विज्ञानाने फार पुढे उलगडले. धान्यातील पिठूळ अंश यीस्टला थेट खाता येत नाही. दाणा अंकुरला म्हणजे त्यात असे एक द्रव्य तयार होते की ते पिठाची साखर करते. पायेन व पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1833 साली ते वेगळे काढून दाखविले. त्या साखरेवर सूक्ष्म जीव जगतात आणि मद्य निर्माण होते, ही गोष्ट लुई पाश्चरच्या संशोधनाने स्पष्ट झाली. बिअरवरचा त्याचा ग्रंथ 1876 सालचा आहे. युरोपात जव अंकुरवून बिअर करतात, तेथेही तत्त्व हेच. अर्थात आपल्या याज्ञिकांना कारण ठाऊक नव्हते. कृती मात्र अचूक ठाऊक होती.

यज्ञाच्या मंडपातून आता राज्यकारभारात येऊ. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथे शामशास्त्री यांच्या हाती आली व 1909 साली ती छापून प्रसिद्ध झाली. प्रा. र. पं. कंगले यांनी संशोधिलेली तिची आवृत्ती मुंबई विद्यापीठाने 1960 साली काढली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे एक प्रकरण असून त्यात पाकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे मापे दिली आहेत. ‘मेदक’ नावाच्या पेयास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व लागे. एका द्रोणाचे सोळा प्रस्थ होतात. तेव्हा सोळा भाग पाण्यास दोन भाग तांदूळ आणि तीन भाग किण्व, असे हे प्रमाण पडते. किण्व म्हणजे आंबविण्याचे विरजण. ते उडीद व तांदूळ वाटून, त्यात मोरटादी वनस्पती घालून करीत. आज आपल्या घरी इडलीसाठी उडीद व तांदूळ भिजतात, तेव्हा हीच जोडी पातेल्यात एकत्र येते, हे किती जणांच्या ध्यानात असेल?

पुढील प्रकार तर अधिकच नवलाचे आहेत. ‘आसवा’स शंभर पल कवठ, पाचशे पल फाणित म्हणजे काकवीसारखा आटविलेला उसाचा रस, आणि एक प्रस्थ मध. ‘मैरेया’स मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी, मिरे, कधी त्रिफळा. आंब्याच्या रसाची वा कोयीचीही सुरा होती. आज परदेशात नवनवी फळे व मसाले घालून बिअर करण्याची हौस वाढली आहे; पण कवठ, गूळ, मिरी आणि आंबा यांचे प्रयोग आपल्याकडे इतके जुने आहेत.

या प्रकरणातील दोन नियम मला विशेष अर्थपूर्ण वाटतात. पहिला असा की, किण्व व सुरेची सामग्री निवडण्याचे काम स्त्रिया व मुले यांनी करावे. दुसरा असा की, गृहस्थाला मंगलकार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा असावी, तसेच उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळी चार दिवस मद्य करण्याची सवलत द्यावी. कौटिल्य राज्याचे उत्पन्न सोडणारा नव्हता. विनापरवाना विक्रीवर त्याची करडी नजर होती. तथापि घरच्या कार्यातील घडा आणि बाजारातील दुकान यांतील भेद त्याने मानला होता.

आपल्या जिल्ह्याचा या काळाशी संबंध आहे. भोकरदन हे सातवाहनकालीन भोगवर्धन. तेथील उत्खननाचा वृत्तांत 1974 साली प्रसिद्ध झाला असून एका भरभराटीच्या नगराचे अवशेष तेथे मिळाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण व तेर येथील माल भडोचच्या बंदरात जात असल्याचे, आणि त्या बंदरात इटलीचे द्राक्षमद्य उतरत असल्याचे नमूद आहे. श्रीमंतांची परदेशी चैन ती ही अशी होती. सामान्य कुणब्याच्या घरी मात्र आंबत असे ते घरचेच धान्य.

घरातील ही विद्या घराबाहेर गेली ती पुढे अबकारीच्या काळात. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात 1878 साली अबकारी कायदा केला, आणि 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध घातले. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथेही 1316 फसलीचा अबकारी कायदा आला. शिंदी व दारू यांचे गुत्ते लिलावात जाऊ लागले. सरकारी तिजोरीला पैसा हवा होता, गुत्तेदाराला गिऱ्हाईक हवे होते. आंबविलेल्या सौम्य पेयाच्या जागी भट्टीवर गाळलेली तीव्र दारू बसली, आणि सणावारी चार दिवस निघणाऱ्या घड्याच्या जागी वर्षाचे बारा महिने उघडे राहणारे दुकान आले. ज्या दारूने घरे बुडाली, ती मुख्यत्वे ही दुकानाची दारू होय.

मराठवाडा 1948 साली निजामी राजवटीतून मुक्त झाला, 1956 साली मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्राचा भाग झाला आणि 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा बनला. मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा. परवान्यावाचून मद्य तयार करणे त्या कायद्यान्वये आजही गुन्हा आहे, हे तरुण वाचकांनी नीट लक्षात ठेवावे. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना 1963 साली रद्द झाला. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करण्यास मोकळीक मिळाली. तेव्हापासून तिकडील हौशी लोक जुन्या पोथ्या धुंडाळून विस्मृत पेये पुन्हा करून पाहतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने 1989 साली निनकासी या सुमेरियन देवतेच्या सुमारे 3,800 वर्षांपूर्वीच्या स्तोत्राच्या आधारे बिअर केली. फिनलंडमध्ये जुनिपरच्या फांद्यांतून गाळलेली ‘साहती’ अजून खेड्यांत होते. पुण्यातही 2009 साली डूलाली नावाचे लहान, परवानाधारक बिअरघर निघाले. त्यांचे मद्य आपण घ्यावे असे मी म्हणत नाही. परंतु पूर्वजांची कृती हरवू नये ही त्यांची तळमळ मात्र घेण्याजोगी आहे.

कारण आपल्या घरी ती विद्या अद्याप पूर्ण मेलेली नाही. ज्वारी हे मूळचे आफ्रिकेतील धान्य. अनेक सहस्र वर्षांपूर्वी ते या देशात आले. सुदानात तिची ‘मेरिसा’ होते, बुर्किना फासोत ‘डोलो’ होते, आणि ही पेये प्रायः स्त्रियाच करतात. कोवळ्या ज्वारीने जनावरांना विषबाधा होते हे आपला शेतकरी जाणतो. तेथील बायकाही अंकुरलेली ज्वारी वाळवून, मोड झाडून मगच वापरतात. त्याच ज्वारीची आपण आंबील केली. भाद्रपदात ज्येष्ठा गौरी, म्हणजे आपल्या महालक्ष्म्या, घरी येतात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी व सोळा भाज्या यांच्या पंक्तीत आंबिलीला मान असतो. ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावयाचे, सकाळी आंबूस वास सुटला की आधणात सोडून, हात न थांबविता शिजवावयाचे. येथे मोड नाहीत, म्हणून साखर फारशी होत नाही व नशाही येत नाही. आंबटपणा येतो तो दही लावणाऱ्या जिवाणूंचा. यज्ञातील सुरेची आंबील ही कन्या आहे असे म्हणण्यास पुरावा नाही. पण झाकलेल्या भांड्यात धान्य किती वेळ ठेवावे, कोणत्या ऋतूत किती आंबते, वासावरून ते कसे ओळखावे, ही जाण दोघींची एकच.

हीच जाण आज धोक्यात आहे. पुष्कळ घरांत हल्ली आंबट दही पिठात कालवून तेव्हाच शिजवितात आणि नैवेद्य पार पाडतात. देवी रागावणार नाही. परंतु रात्रभराचे ते ज्ञान एका पिढीत नाहीसे होईल. ते कोणत्याही ग्रंथात नाही. सासूच्या हातातून सुनेच्या हातात जाते, आणि हात थांबला की संपते. कौटिल्याने सुरेची मापे लिहून ठेविली म्हणून ती आज आपल्याला कळतात. आपल्या आजीच्या आंबिलीचे माप मात्र कोणी लिहिले नाही.

म्हणून ज्ञातिबंधू व भगिनींस नम्र विनंती अशी की, येत्या महालक्ष्म्यांत प्रत्येक घराने आपली आंबील जुन्या रीतीने करावी. ज्वारी कोणती, पीठ किती, ताक की पाणी, किती घटका झाकली, हे सारे एका कागदावर लिहून काढावे. घरातील वृद्ध स्त्रीला विचारून तिचे नाव त्याखाली घालावे. मंडळाने हे कागद एकत्र करून पुढील स्मरणिकेत छापावेत. दहा घरांच्या दहा रीती निघतील. तेच त्यांचे मोल आहे. व्यसनापासून दूर राहणे हा आपला धर्म आहे, आणि पूर्वजांची विद्या जपणे हाही आपला धर्म आहे. या दोहोंत विरोध नाही, इतके वाचकांस पटले तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी मानीन.